समुद्रातल्या गाळाचे चंबू झुलवताना

मित्रांनो, या अडगळीच्या खोलीत कोपऱ्यात जी धुळकट पेटी दिसते ना, ती मी. प्रयोगशाळेतला एक जुना शेकर. माझ्या पाटावर काचेचे चंबू बसवून बटण दाबलं, की मी त्यांना गोल गोल झुलवत राहायचो. आतल्या जिवाणूंना हवा मिळायची, ते वाढायचे. एवढंच माझं काम. पण ते मी जीव लावून केलं.

कारखान्यातून आलो तेव्हा माझा रंग निळाशार होता. मला चालवणारी माझी संशोधक बाईही तेव्हा नुकतीच नोकरीला लागलेली. समुद्रतळाचा काळा गाळ आणून ती त्यातले जिवाणू वेगळे करायची. त्यातला एक जिवाणू बुरशीला मारणारं द्रव्य तयार करतो, हे तिच्या लक्षात आलं. जिवाणू वाढवायच्या काचेच्या बशीत त्याच्या आसपास बुरशी फिरकतच नव्हती. पण साध्या मिठाच्या पाण्यात तो रुसून बसायचा. बाईनं समुद्राचं पाणी आणून, गाळून, उकळून दिलं, तेव्हा कुठे गडी कामाला लागला.

बाईच्या धाकट्या भावाची रोपवाटिका होती. त्या वर्षी त्याची टोमॅटोची रोपं बुरशीनं बुडाशी कुजून कोलमडत होती.

"ताई, सकाळी उभी असतात, दुपारी आडवी! तुझ्या त्या चिखलात काही औषध असेल तर बघ ना," तो काकुळतीला येऊन म्हणाला.

बाईनं चंबू भरले, आणि नेमका माझा पट्टा तुटला! सुट्टीचे दिवस, दुरुस्तीवाला गावाला गेलेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईनं एक चंबू उचलला, दुसरा भावाच्या हाती दिला. "हलव."

"असा?"

"अरे, बाटली विसळत नाहीयेस! हळू, गोल."

थोड्याच वेळात तो कुरकुरला, "हात भरून आला गं!"

"यानं कधी तक्रार केली नाही हो," बाई माझ्याकडे पाहत म्हणाली.

सुट्टी संपेपर्यंत दोघं भावंडं आळीपाळीनं चंबू हलवत राहिली. मग त्यातलं द्रव्य काढून बाईनं निम्म्या रोपांना घातलं. उरलेली निम्मी कोलमडली. द्रव्य घातलेली बहुतेक तगली. भावानं आनंदाच्या भरात एक कुंडी आणून थेट माझ्या झाकणावर ठेवली. "पाणी सांडेल रे!" म्हणून बाई ओरडली, पण हसत होती.

सुट्टीनंतर माझा पट्टा बदलला आणि मी पुन्हा फिरू लागलो. पुढे काम वाढलं. नवी इमारत उठली, मोठमोठ्या टाक्या आल्या. बाई तिकडे गेली, मी इकडे आलो. भिंतीपलीकडून नव्या यंत्रांची घरघर ऐकू येते आणि माझा रिकामा पाट आतल्या आत तळमळतो.

परवा दाराबाहेर तिचा आवाज आला. किती थकला होता तो!

"माझा जुना शेकर इथंच आहे ना? आज नोकरीचा शेवटचा दिवस. म्हटलं, एकदा बघून जावं."

"किल्लीवाले रजेवर आहेत, बाई. उद्या या."

"उद्या कुठली येणार मी?" ती म्हणाली. मग तिची पावलं दूर गेली. मला साधी घंटासुद्धा नाही, मित्रांनो, की वाजवून सांगावं, मी आहे!

म्हणून विनवतो, कामाच्या वस्तूला असं कुलपात कुजवू नका. तिची धूळ झटका, तिला तेलपाणी करा, हाताला काम द्या. माझा झिजलेला पट्टा पुन्हा एकदा बदलून तर पाहा. आणि जमलं तर बाईंना निरोप द्या, की मी अजून फिरू शकतो.