ताईचा हळू हात

ज्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात धाकट्याचा हात होता, ती सगळ्या नातेवाइकांत एकटी ताईच वापरायची. तीही भावाच्या शब्दावर. ताई दातांची डॉक्टर. दाढेचा फोटो काढायचा सेन्सर दोन खुर्च्यांत मिळून एकच. इकडचा काढून तिकडच्या कॉम्प्युटरला लावायचा. लावला की कॉम्प्युटर ढिम्म! तो बंद करून चालू करेपर्यंत पेशंट आ वासून बसलेला.

"सोमवारी दुसरी सिस्टीम टाकायला माणूस येतोय," ताई म्हणाली. "भाऊ म्हणून आजवर सोसलं."

धाकट्याने कंबर कसली. घरी तसलाच सेन्सर बोटं दुखेपर्यंत लावला, काढला. दरवेळी कॉम्प्युटरने मुकाट ओळख दिली.

"तुम्हाला घाबरतो तो," बायको म्हणाली. "ताईंना नाही घाबरत."

शेवटी त्याने दवाखान्यातच ठाण मांडलं. ताईने प्लग सॉकेटमध्ये सरकवला तो हिरडीत सुई सरकवावी तसा. अर्ध्यावर थांबली, सवयीने "दुखत नाही ना?" म्हणाली, मग उरलेला आत. खुर्ची रिकामी होती.

"अगं ताई, खुपस ना एकदाचा!"

"खुपसायला मी काय सुतार आहे?"

पण बिंग फुटलं होतं. अर्धवट प्लगमधून वीज पोहोचताच कर्नल, म्हणजे सिस्टीमचा तो गाभा, विचारायचा, "आपण कोण?" नाव सांगणाऱ्या तारा अजून टेकलेल्याच नसायच्या. उत्तर नाही म्हटल्यावर स्वारी रुसायची आणि त्या सॉकेटकडे पुन्हा ढुंकूनही बघायची नाही.

ताईला हात बदलायला सांगायची छाती घरात कोणाचीच नव्हती. धाकट्याने कर्नलला थोडं थांबायला शिकवलं. ताई त्याहून जास्त थांबली. त्याने मुदत वाढवली. ताईने मध्येच फोन घेतला. तेव्हा त्याने मुदत ठरवणंच सोडलं आणि हट्टाने तो सगळा भाग नव्याने लिहिला. जोड जरा हलला की थांबणं पुन्हा पहिल्यापासून. स्थिरावला की मगच नाव विचारायचं. उत्तर नाही आलं तर परत विचारायचं. अबोला धरायचा नाही.

रविवारी ताईने प्लग अर्धा लावला, चष्मा पुसला, मग उरलेला सरकवला. पडद्यावर सेन्सरचं नाव उमटलं. धाकट्याने मूठ आवळली.

"नुसत्या नावाचं काय लोणचं घालू? बस खुर्चीत."

फोटो लख्ख आला. ताई बराच वेळ तो बघत राहिली, मग तिने सिस्टीमवाल्याला फोन लावला. "उद्या येऊ नका. आमचीच चालते आहे."

फोन ठेवून ती भावाकडे वळली.

"त्याच्या जागी तू ये. ही दाढ काही ठेवण्यासारखी नाही."