डावखुरी किनार

त्या शनिवारी आई माझ्यावर चिडली ती पुस्तकावरून. मी राजधानीत, आपियाच्या शाळेत शिकवते, सुट्टीला गावी यायचे. ती घराच्या समुद्राकडच्या बाजूला तलम चटई विणत बसली होती आणि मी खांबाला टेकून वाचत होते.

"मास्तरीणबाई, पान उलटायला दोन्ही हात लागतात का? एक इकडे द्या. ही पात धरा."

मी केवड्याची पात धरली. दोऱ्याइतकी बारीक चिरलेली, उन्हात पांढरी केलेली. अशी एक चटई व्हायला वर्ष सरतं. आई डावखुरी होती. गावच्या महिला मंडळातल्या बाकीच्या बायका एका दिशेने विणत जायच्या, ही दुसऱ्या, त्यामुळे तिच्या किनारीची वीण उलटी झुकायची. शेजारच्या फेतूमावशी म्हणायच्या, "लांगीची चटई चोरीला गेली तर पोलीस कशाला? आरसा आणा. आरशात जी सरळ दिसेल ती हिची."

"आणि तुझी आरशातसुद्धा वाकडी," आई म्हणायची.

दुपारी आम्ही भाजलेला नीरफणस खाल्ला. संध्याकाळी तिला चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला जायचं होतं. केसांत फूल खोचता खोचता ती म्हणाली, "पाती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेव. सुकल्या तर तुटतील."

मी पुस्तकातून मान न काढता "हं" म्हटलं. ती गेली.

चर्चच्या वळणावर शेजारच्या गावच्या फिलिपोची गाडी रस्ता सोडून बायकांच्या अंगावर आली. तो प्यायलेला होता. बाकीच्या वाचल्या. आई तिथेच गेली.

उजाडताना आमच्या अंगणात फिलिपोचं सगळं घर येऊन बसलं होतं. इफोंगा, अपराध्याच्या घराने माफी मागायची आमची रीत. त्याचा बाप तुइला, त्यांच्या गावचा मोठा मताई, म्हणजे घराण्याचा प्रमुख, सगळ्यांत पुढे मांडी घालून, मान खाली, डोक्यावरून तलम चटई पांघरलेली. समोर दगड आणि सरपण रचलेलं: आम्ही तुमचे अपराधी आहोत, हवं तर आम्हाला भाजा. माझे मामेभाऊ कोयते घेऊन खांबांशी उभे होते. बोलायचं होतं ते फक्त मामांनी, कारण घराचे मताई ते. आणि मामांनी त्याच्या डोक्यावरची चटई उचलली की क्षमा झाली, संपलं. मग कोयते खाली जातात, रडारड होते, कोको उकळतो आणि त्या घरातलं कोणीही पुन्हा ती गोष्ट काढत नाही.

मामांनी त्यांना बराच वेळ बसवलं. ऊन अंगणात आलं, तुइलाच्या पाठीवर चढलं. थोरला मामेभाऊ पुढे सरकला, तसे मामा घाईने उतरले आणि त्यांनी चटई दोन्ही हातांनी उचलली. तेही रडत होते. आई त्यांची एकुलती एक बहीण. तिच्या अंगावरून वारं गेलं तरी त्यांना सोसायचं नाही.

चटईचं टोक माझ्यासमोरून गेलं. काठाला लावलेल्या तांबड्या पिसांच्या वरची किनार उलटी झुकलेली होती.

तुइलाची आई वारली तेव्हा आईने त्या घरी चटई नेली होती. आमच्याकडे चटया अशाच फिरतात, लग्नात, मर्तिकात, एका घरातून दुसऱ्या घरात, आणि कोणी विणली हे कोणाच्या लक्षात राहत नाही. त्यांनी घरातली सर्वांत चांगली काढली असणार. अपमान करायचा म्हणून नव्हे, मान द्यायचा म्हणून. मामांनीही पाहिलं नाही. पाहिलं ते मी, आणि माझ्या हातात अजून पातींसाठी भिजवलेलं ते ओलं फडकं होतं.

कोर्टात न्यायाधीशांनी सांगितलं की मृत स्त्रीच्या कुटुंबाने क्षमा केली आहे, हे ध्यानात घ्यायला हवं. शिक्षा अर्ध्याहून कमी झाली. आईच्या थडग्यावरचं सिमेंट नवंच होतं तेव्हा फिलिपो घरी आला. रविवारी त्याच वळणावरून तो चर्चला जातो. मला पाहिलं की मान खाली घालतो. वाईट मुलगा नाही तो. एवढं मलाही कळतं.

आईची अर्धी चटई मी मंडळात नेऊन बसू लागले. तिथे सभागृहाच्या अधिवेशनाच्या दिवसांत रेडिओ चालू असतो. एका सकाळी त्यावर आमदार सालिमाबाई बोलू लागल्या. निवडून आलेल्या मोजक्या बायकांपैकी त्या एक, आवाज बारीक.

"अध्यक्ष महाराज, कोर्टात 'कुटुंबाने क्षमा केली' असं सांगितलं जातं. कुटुंब म्हणजे कोण? मेलेल्या बाईच्या लेकरांना कोणी विचारतं का? सरकारने कधी विचारलं?"

मंत्री खाकरले. "सन्माननीय सदस्यांना मताई काय असतो हे ठाऊक असावं. त्या स्वतः मताई आहेत." हशा. "कुटुंब मताईच्या तोंडून बोलतं. ही चाल आपल्या पूर्वजांची आहे. तिने या बेटांवर किती खून थांबवले असतील! आणि आजवर एकाही लेकराने तक्रार केलेली नाही. एकाही नाही. सदस्यांनी एक तरी दाखवावं."

"हा बघा, कोंबड्यासारखा आरवतोय," फेतूमावशी म्हणाल्या. "याच्या बायकोला विचारा, घरात कोणाच्या तोंडून बोलतो ते."

सगळ्या हसल्या. मग एकदम कोणी हसेना, कारण त्यांच्या लक्षात आलं की मी तिथे बसले आहे.

पुढच्या आठवड्यात सालिमाबाई घरी आल्या. सभागृहाची समिती नेमली गेली होती. कोणी बोलायला तयार असेल तरच प्रश्न पुढे जाणार होता, नाही तर तिथेच मिटणार. मामांनी त्यांचं रीतीने स्वागत केलं, लांबलचक. मी कोको दिला.

"मुलीला आणाल ना?" त्यांनी मामांना विचारलं. मला नाही. रीत त्यांनाही मोडवत नव्हती.

"आणेन की. बसेल ती. बोलायचं ते मी बोलेन."

जाताना चप्पल घालताना त्या मला हळूच म्हणाल्या, "मी तुझ्याऐवजी बोलू शकते, पोरी. पण मग तुझ्याऐवजी बोलणाऱ्यांत आणखी एकाची भर."

समितीच्या दिवशी मामांनी इस्त्रीचा लावालावा लुंगीसारखा कमरेला गुंडाळला होता. बसमध्ये ते माझ्याशी शाळेबद्दल बोलत राहिले. मला काही होऊ नये म्हणून ते नेहमी असंच दुसरं बोलतात. मी इथे उठून बोलले तर घराने दिलेला शब्द मोडला, असं दोन्ही गावं म्हणणार होती, आणि तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती ती मामांना. ते मला माहीत होतं, त्यांनाही.

खोलीत पंखा फिरत होता. मंत्र्यांच्या बाजूचे सदस्य, सालिमाबाई, मागच्या बाकावर तुइला. मामा चांगलं बोलले. बहिणीचं नाव घेताना थांबले, पाणी प्यायले. "त्या सकाळी मी उशीर केला असता तर माझा मुलगा आज तुरुंगात असता," ते म्हणाले. ते खरं होतं. "आम्ही क्षमा केली. घर शांत आहे."

"आणि मुलगी?" सालिमाबाईंनी विचारलं.

"शिकलेली आहे. काही म्हणायचं असतं तर म्हणाली असती."

एक सदस्य हसत घड्याळाकडे बघू लागले. मी उठले. मामांनी माझा हात धरला, दाबला नाही, नुसता धरला. मी तो तसाच त्यांच्या हातात राहू दिला.

"मामा, तुम्ही उचललीत ती चटई आईने विणली होती. तिची किनार मी ओळखली. तुम्ही ती उचललीत म्हणून तुमच्यावर माझा राग नाही; थोरला दादा वाचला. पण मला कोणी विचारलं नव्हतं, आणि मी फिलिपोला क्षमा केलेली नाही."