एकच अर्ज

पेटीवाल्यांनी घर आवरायला घेतलं तेव्हा बायकोला एकाही वस्तूला हात लावू दिला नाही. प्रयोगशाळेचं काचसामान बनवणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं ते माल पेट्यांमध्ये भरत होते. त्यांच्या हातची पेटी बोटीतून कितीही लांब जावो, आतल्या नळीला तडा म्हणून जायचा नाही. पेटीवाले हे नाव तिथलंच. आता मुलाकडे परदेशी राहायला जायचं, तेही कायमचं, म्हणजे हे त्यांच्याच हातचं काम. महिनाअखेरीला खोल्या सोडतो असं त्यांनी घरमालकाला सांगून टाकलं. कपाट शेजारच्या शिक्षिकाबाईंना दिलं, पलंग खालच्या न्हाव्याला. रस्त्यात जो भेटेल त्याला थांबवून सांगायचे, "मुलगा ऐकतच नाही हो. म्हणतो, आता इकडंच या."

मुलगा असं नेमकं कधी म्हणाला, हे त्यांनी कधी आठवून पाहिलं नव्हतं. फोनवर तो आईशी बोलायचा तासतासभर. फोन यांच्या हातात आला की "तब्येत बरी ना? ठेवतो मग," एवढंच.

बायकोला व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला बोलावणं आलं, ती जाऊन आली. पुढे तिच्या पासपोर्टवर शिक्काही बसला.

"माझं काय?" त्यांनी विचारलं.

"तुमचं येईल मागाहून," बायको पाठमोरीच म्हणाली.

तिच्या तिकिटाला आठ दिवस उरले तेव्हा मात्र त्यांना राहवेना. फाइल काखेत मारून ते एजंटच्या कचेरीत गेले. समोरच्या मुलीला म्हणाले, "दोन अर्ज आहेत, नवराबायकोचे. एक झाला. दुसरा कुठं अडकलाय ते बघा."

मुलीनं संगणकात पाहिलं. त्यांचा पासपोर्ट मागून नंबर घातला, पुन्हा पाहिलं.

"काका, अर्ज एकच आहे. काकूंचा."

"नीट बघा. आम्ही दोघं जाणार आहोत."

तिनं पडदाच त्यांच्याकडे वळवला. मुलानं भरून पाठवलेला फॉर्म होता. 'सोबत येणाऱ्या व्यक्ती' या रकान्यात शून्य होतं.

"भरायचं राहून गेलं असेल त्याचं," ते म्हणाले.

मुलगी जरा घुटमळली. "आम्ही फोन केला होता त्यांना. एकच म्हणाले."

ते घरी आले तेव्हा बायको साड्यांच्या घड्या घालत होती. पेटीवाल्यांनी फाइल खाली ठेवली.

"तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"आणि मी इथं खोल्या सोडतोय, गावभर सांगत सुटलोय, ते तोंडाला कुलूप लावून बघत बसलीस?"

"चारदा सांगायला आले मी. दोनदा तुम्ही अंगावर ओरडलात, मधे बोलू नको म्हणून. मग म्हटलं, जाऊ दे."

"जाऊ दे? अगं, मी राहायचं कुठं?"

तिनं घडी पुरी केली. तिचा आवाज चढला नाही. "लग्न झाल्यापासून तुम्ही दारात आलात की मी आधी तुमचा चेहरा बघायची. आज काय वाढून ठेवलंय ते कळावं म्हणून. मला थोडे दिवस कुणाचा चेहरा न बघता राहायचंय. तो म्हणाला ये, मी हो म्हटलं."

इतकी वर्षं त्यांच्या आरड्याओरड्यापुढे या बाईनं वर मान केली नव्हती. आता मात्र तेच फाइल उचलून बाहेरच्या खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच मुलाला फोन लावला.

"माझं नाव का नाही घातलंस?"

"बाबा, मी सोळा वर्षांचा होतो. नापास झालो म्हणून तुम्ही मला कारखान्याच्या फाटकाशी बोलावून घेतलंत. पाळी सुटली होती. सगळ्यांसमोर कान धरून उभं केलंत आणि मारलंत. लोक हसत होते, तुम्हीही हसलात."

त्यांना ते आठवत होतं. चांगलंच आठवत होतं. "म्हणून तर सुधारलास," ते म्हणाले.

"असेल. पण मला आता एक मुलगी आहे. तुमचा आवाज मला माझ्या घरात नको आहे. पैसे दर महिन्याला पाठवीन, त्याची काळजी करू नका." फोन बंद झाला.

खोल्या एका नव्या जोडप्याला देऊन झाल्या होत्या. घरमालकाकडे जाऊन रदबदली केली असती तर कदाचित जमलंही असतं. पण काय सांगणार? त्यापेक्षा धाकट्या बहिणीला फोन केला. माझे कागद जरा लांबलेत, तोवर तुझ्याकडे येतो, म्हणाले.

बायकोची बॅग त्यांनीच भरली. तिनं भरू दिली. जड ते चाकांच्या बाजूला, नातीच्या बाहुलीचा डबा साड्यांच्या मधोमध, कडेच्या फटीत मोजे कोंबून. बॅग उचलून हलवून पाहिली, आत काही वाजलं नाही. कारखान्यात अशा वेळी साहेब पाठ थोपटायचे. बायकोनं नुसती चेन ओढून घेतली.

निघताना ती म्हणाली, "रक्तदाबाच्या गोळ्या तुमच्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवल्यात. वेळेवर घेत जा."

"मी सोडायला येतो."

"नको. शिक्षिकाबाई येतायत बरोबर."

जिन्यावर तिची पावलं नेहमीपेक्षा भरभर वाजली.

बहिणीनं त्यांना व्हरांड्याचा बंद केलेला तुकडा दिला. खाट मावायची, पाय पसरले की शिवणयंत्राला लागायचे. बहिणीच्या सुनेनं पहिल्याच दिवशी बजावलं, "मामा, दुपारी मी इथं शिवायला बसते, तेवढ्या वेळात बाहेर चक्कर मारून येत जा."

"हो, हो," पेटीवाले म्हणाले. असं कुणी सांगितलेलं त्यांनी उभ्या आयुष्यात ऐकून घेतलं नव्हतं.

दुपारी ते कोपऱ्यावरच्या बाकावर बसायचे. दोनतीन म्हातारे तिथं रोजचेच होते. त्यांतल्या एकानं विचारलं, "तुम्ही म्हणे परदेशी चाललात?"

"हो ना," ते म्हणाले. "मंडळी पुढं गेलीत. मुलगा ऐकतच नाही हो."