घाटाच्या वरून

दुष्काळ सरला, गोदावरीला पूर आला आणि गावात फळीची शर्यत पुन्हा सुरू झाली. पांगाऱ्याची हलकी फळी पोटाखाली घ्यायची, हातांनी पाणी कापायचं, मधल्या धारेत लाट उठली की फळीवर उभं राहायचं आणि पल्याडच्या, बरंच खाली असलेल्या बाभळीला हात लावायचा. गावातल्या मुकुंदनं ही शर्यत तीनदा मारली होती. यंदा देवानंदनं नाव दिलं. पुरात वाहून आलेली लाकडं धरण्यात त्याचा जन्म गेला होता. त्याच्याइतकी धार गावात कोणालाच कळत नव्हती, म्हणून तर घाटावरचे धास्तावले.

"तू खालच्या घाटावरून सूट," पंच अप्पाराव म्हणाले.

"का बरं?"

"तुझ्या अंगावरचं पाणी पोरांच्या तोंडात जायला नको. एवढं बी कळत न्हाई?"

देवानंदचं घर बौद्ध होऊन सतरा वर्षं झाली होती. गावाच्या डोक्यातली घाण जागच्या जागी होती. अक्कल तर एवढी, की खालचा घाट बाभळीला दोनशे पावलं जवळ आहे हेही कोणाच्या ध्यानात आलं नाही.

थोरली बहीण बेबीनंदा कानाशी लागली, "गप ऱ्हा. फायदाच हाय आपला."

"अन् उद्या म्हणतील, जवळून सुटला म्हणून जिंकला."

"म्हणू दे की!"

"न्हाई ताई. तेवढंच बोलायला जागा ठेवायची न्हाई मला."

फळी खांद्यावर टाकून तो निघाला. खाली नाही, वर. घाट ओलांडून शंभर पावलं वर जाऊन उभा राहिला. आता सगळ्यात लांबची वाट त्याची, आणि त्याच्या अंगावरचं पाणी सरळ घाटावर.

"अरे ए! तिथून कुठं?"

"लांबून सुटून राह्यलो, अप्पाराव! तुमचं काय जातंय?"

गलका उडाला. दोघं-तिघं पाण्यातून बाहेर निघाले. मुकुंद मात्र फळी उचलून वर चालू लागला.

"मुकुंदा, डोकं फिरलं काय?" घाटावरून कोणीतरी ओरडलं.

"हा लांबून येणार अन् मी ह्याला जवळून हरवू? थुंकतील लोक."

शेजारी येऊन त्यानं हळूच विचारलं, "मधला भोवरा कोणत्या अंगानं चुकवतो रे?"

"ये मागं मागं, कळंल," देवानंद म्हणाला.

शिट्टी झाली. मधल्या धारेत लाट फुगली आणि देवानंद गुडघे वाकवून, हात पसरून फळीवर उभा राहिला. मुकुंद दोनदा पडला, दोनदा चढला. बाभळीला पहिला हात देवानंदचा लागला. धापा टाकत आलेल्या मुकुंदनं ऐलतीराकडं तोंड करून बोंब ठोकली, "देवानंद पयला! अन् ह्याचं पाणी गिळलंय मी, अजून मेलो न्हाई!"

आठ दिवसांनी घनसावंगीकडची माणसं दारात आली. काठावरच्या पाच गावांची शर्यत होती. जाण्यायेण्याचा खर्च त्यांचा.

"येतो," देवानंद म्हणाला. "पण सुटायची जागा सगळ्यांना एकच, बराबर?"

"बिलकुल," ते म्हणाले.

तो फळी आणायला आत गेला.