काळ्या तिळांचा बार

गिरिधर पाटील नागपुरात एका सरकारी कचेरीत कारकून होता आणि फटाक्यांना भीत होता. यात लपवण्यासारखं काही नाही, कारण लपवून ते लपणारही नव्हतं. दिवाळीत महाल भागातल्या त्याच्या गल्लीत पोरं लवंगी लावायला लागली की हा गृहस्थ आतल्या खोलीत जाऊन रेडिओचा आवाज वाढवायचा. वरातीत बॉम्ब लागणार म्हटलं की त्याला हटकून लघवीला लागायचं. असा माणूस एखाद्या वाण्याच्या घरी जन्मला असता तर जन्मभर सुखात राहिला असता. पण देवाच्या कचेरीतही टपाल इकडचं तिकडे जातंच. गिरिधर जन्मला तो खाप्याच्या पलीकडे, कन्हानच्या काठच्या एका गावात, आणि नेमका पोळ्याच्या बाराचा मान असलेल्या घरात.

मान असा होता. पोळ्याच्या संध्याकाळी गावचे बैल शिंगं रंगवून, झुली पांघरून तोरणाखाली उभे राहत. वाजंत्री वाजे, झडत्या म्हटल्या जात, यमक जुळवून एकमेकांची उणीदुणी निघत. मग पाटलांच्या ठासणीच्या बंदुकीचा एक बार होई आणि तोरण तोडून पोळा फुटे. बाराआधी कोणी बैल हलवायचा नाही. बंदूक गिरिधरच्या आजोबांची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा घालायचा, गजाने ठासायचा, मागच्या पोकळ बोंडीवर तांब्याची टोपी बसवायची, घोडा ओढायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. गोळी नाही, छर्रा नाही, नुसता आवाज. पण तो आवाज असा की खाप्याच्या बाजारात भाजी निवडणारी बाईही म्हणे, "फुटला वं माय पोळा."

हा बार वर्षानुवर्षं गिरिधरचे वडील आनंदराव करत आले. करता करता त्यांचे कान गेले. सुनेने कानाशी तोंड नेऊन हाक मारली तरी ते "जेवण झालं माझं" म्हणायचे. त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात त्यांचं उजवं अंगही लुळं पडलं आणि बंदूक खुंटीवर राहिली.

गावात भैय्याजी म्हणून एक संत्र्याचे बागाईतदार होते. त्यांच्याकडे नवी कोरी दुनळी बंदूक होती आणि मनात जुनी खाज. त्यांनी चावडीवर सर्वांसमक्ष सांगून टाकलं, "पाटलाच्या पोरानं बार केला तं खुशाल करो. नाही झाला तं मी करतो. पण एकदा माझ्या हातून पोळा फुटला का मान माझ्या घरी. मंग रडायचं नाही." गावाने माना डोलावल्या. गाव नेहमीच माना डोलावतं, त्याला काय जातं?

गिरिधरला खरं तर हायसं वाटलं होतं. जाईना का मान! मानाने काही नळाला पाणी येत नाही. पण तो गावी गेला तेव्हा आनंदरावांनी त्याला खाटेजवळ बसवलं आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "गिरिधर, आयक. भैय्याजीची बंदूक खोकते. कारतुसाचा आवाज कानात जाते, आन मले कान नाहीत. आपल्या बंदुकीचा बार छातीत आयकू येते. मले बाकी काही नको आता. एक बार आयकू दे."

गावाला नाही म्हणता आलं असतं. बापाला कसं म्हणणार? गिरिधर उठला आणि खुंटीवरची बंदूक काढून खाटेपाशी घेऊन आला.

आनंदरावांनी डाव्या हाताने खुणा करत त्याला सगळं शिकवलं. आधी दारू, मग बोळा, मग गज, टोपी सर्वांत शेवटी. नळीच्या तोंडासमोर तोंड न्यायचं नाही. टोपी फुटून बार झाला नाही तर बंदूक आभाळाकडे धरून थांबायचं, घाई करायची नाही. आणि मग बोंडी पान्याने काढून मागच्या भोकातून कोरडी दारू भरायची. परवाना गिरिधरच्या नावावर झाला आणि बंदूक सतरंजीत गुंडाळून एसटीने नागपूरला आली. तिला उभं राहायला जागा मिळाली, गिरिधरला मिळाली नाही.

आता महालात, भाड्याच्या दोन खोल्यांत, बार कसा करणार? तोड काढली ती चारुशीलेने, म्हणजे गिरिधरच्या बायकोने. तिने फडताळातून बरणी काढली.

"हे घ्या काळे तीळ. दारूसारखेच दिसतात. ओता, ठासा, मंग उपडी करून परत काढा. आवाज नाही न् काही नाही."

"वा वं! डोकं चालते तुझं."

"पण मोजून परत द्या. श्राद्धाचे आहेत ते. पितरांच्या तोंडचे तीळ बंदुकीत ठेवान."

झालं, रोज कचेरीतून आल्यावर सराव सुरू. गच्चीवर तुळशीच्या कुंडीजवळ गिरिधर उभा राही, पितळी मापाने तीळ नळीत ओती, लुगड्याच्या चिंधीचा बोळा ठासी, रिकाम्या बोंडीवर बोटाने टोपी बसवल्यासारखं करी, डोळे गच्च मिटून खांद्याला लावी आणि तोंडाने हळूच "ठो" म्हणे. मग गजाच्या टोकाला बसवलेल्या मळसूत्राने बोळा ओढून तीळ बरणीत परत. चारुशीला हिशेबाची पक्की असली तरी तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. त्यामुळे आठवडाभरात सगळ्या गल्लीला कळलं की पाटील गच्चीवर तीळ ठासतात. त्या महिन्यात घरात तिळाची चटणी झाली तिला लोखंडाचा वास येत होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी गावी निघायचं होतं. सकाळी गिरिधरने शेवटचा सराव करायला घेतला. तीळ ओतले, बोळा ठासला, बंदूक खांद्याला लावली, डोळे मिटले. तेवढ्यात खाली गल्लीत मधुसूदनची स्कूटर फुटली. मधुसूदन खालच्या खोलीत राहणारा, हिंगण्याच्या कारखान्यात जाणारा एक सज्जन मुलगा, पण त्याच्या स्कूटरच्या सायलेन्सरला सज्जनपणा माहीत नव्हता. फटाक! गिरिधर बंदुकीसकट तुळशीमागे बसला. चारुशीला वर येऊन पाहते तर नवऱ्याची फक्त शेंडी दिसली.

"काहून बसले तिथं?"

"काही नाही. माती पाहून राहिलो. कुंडीची."

"एसटी जाईल! उद्या गावासमोर अशीच माती पाहान का?"

तो इतका ओशाळला की धडपडत उठला, बंदूक सतरंजीत गुंडाळली आणि जिना उतरला. नळीतले तीळ काढायचे राहिले, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. बरणीची आठवण चारुशीलेलाही झाली नाही, कारण ती एसटीची घाई करत होती.

पोळ्याच्या संध्याकाळी आभाळ निवळलं होतं. तोरणाखाली बैलांची रांग लागली. आनंदरावांची खाट चौघांनी उचलून पारापाशी आणली आणि उशाशी चारुशीला सासऱ्यांना वारा घालत बसली. म्हाताऱ्याने नेहरूशर्टाची गुंडी सोडून छाती उघडी ठेवली होती. ते पाहिलं आणि गिरिधरच्या जिवाचं पाणी झालं.

त्याने खरी दारू मापाने ओतली, बोळा घातला, ठासला. गज थोडा वर राहिल्यासारखा वाटला, पण आता गज पाहायचा की गाव? पलीकडे भैय्याजी दुनळी खांद्यावर टाकून, भगवं पागोटं बांधून उभे होते. त्यांनी हात वर करून झडती म्हटली.

"पाटलाच्या बंदुकीले चांदीचा खिळा,
कारकुनाच्या हातानं फुटन का पोळा?"

"हर हर महादेव!" सगळं गाव ओरडलं. भैय्याजी पुढे म्हणाले, "हे वाजंत्री थांबेपर्यंत वाट पाहतो गा गिरिधर. मंग मी हाय."

गिरिधरने टोपी बसवली, नळी आभाळाकडे केली, डोळे मिटले, दात आवळले, मान शक्य तेवढी लांब नेली आणि घोडा सोडला.

टक.

टोपी फुटली. बार नाही. वाजंत्री चालूच. गिरिधरने एक डोळा उघडला. शिकवल्याप्रमाणे बंदूक आभाळाकडे धरून थांबला. दुसरी टोपी लावली. पुन्हा टक. कोणीतरी हसलं. एका बैलाने शेण टाकलं, तो आवाज टोपीपेक्षा मोठा होता.

गिरिधरने खाटेकडे पाहिलं. आनंदराव डोळे मिटून, डावा हात छातीवर ठेवून वाट पाहत होते. त्यांना कळलंच नव्हतं की दोन टोप्या गेल्या. आणि त्या क्षणी गिरिधरला एक विचित्र गोष्ट जाणवली. जन्मभर ज्या आवाजापासून तो पळत आला, तो आवाज त्याला आता हवा होता. अगदी जिवापासून हवा होता. "वाज वं माय," तो बंदुकीला पुटपुटला, "वाज एकदाची."

तेवढ्यात त्याला वास आला. बोंडीतून एक बारीक धूर निघत होता आणि त्याला संक्रांतीचा वास होता. भाजलेल्या तिळांचा.

गिरिधरच्या डोळ्यांपुढे गच्ची आली, तुळस आली, मधुसूदनची स्कूटर आली. खाली तीळ, वर दारू! टोपीचा विस्तव तिळांपर्यंत पोचून तिथंच भाजणी करत होता. वाजंत्री शेवटच्या फेऱ्यावर आली होती. कबूल न करता हे सुटण्यासारखं नव्हतं.

"चारू!" तो ओरडला. "पदर आण!"

"काहून?"

"तुझे तीळ हायेत आत!"

हे अख्ख्या पोळ्याने ऐकलं. चारुशीला धावत आली. गिरिधरने खिशातला पाना काढून बोंडी फिरवली, नळी लांब धरून बंदूक कलती केली, आणि मागच्या भोकातून काळे तीळ झुरझुर तिच्या पदरात पडायला लागले. अडलेले तिने अंबाड्यातला आकडा काढून कोरले. काही तसेच, काही खरपूस.

गाव असं हसलं की वाजंत्रीवाल्याची सनई चुकली. भैय्याजींना तर बोलवेना. "अबे गिरिधर," ते डोळे पुसत म्हणाले, "हे बंदूक हाय का बरणी? गूळ कोण्या नळीत भरला तुनं?"

गिरिधरचे कान लाल झाले. पण हात मात्र, कोण जाणे कसे, भराभर चालायला लागले होते. फजितीच्या पलीकडे गेलेल्या माणसाला भ्यायला उरतं काय? त्याने मागच्या भोकातून कोरडी दारू भरली, भरतच गेला, वर मावेना तेव्हा बोंडी घट्ट फिरवली. टोपी बसवली. वाजंत्री थांबली. भैय्याजींनी दुनळी खांद्यावरून उतरवली.

या वेळी गिरिधरने डोळे मिटले नाहीत. त्याला बापाचं तोंड पाहायचं होतं.

मागे एक भरणा होता आणि पुढे एक. दोन्ही एकदम पेटले. असा बार त्या गावाने ऐकला नव्हता. पिंपळावरचे बगळे कन्हानपार गेले. पारावरची धूळ उडाली. गिरिधर चार पावलं मागे जाऊन एका बैलाच्या झुलीवर टेकला आणि त्या बैलाने त्याला सन्मानाने सरळ उभं केलं. भैय्याजी दचकून शेणात बसले, दुनळी मांडीवर घेऊन. पांढऱ्या धुराचा एक लोट तोरणावर चढला. बैलांनी तोरण तोडलं आणि पोळा फुटला. मग त्या धुरातून, नळीत अडकून राहिलेले शेवटचे तीळ भुरभुर खाली आले. बैलांच्या शिंगांवर, वाजंत्र्याच्या सनईत, भैय्याजींच्या भगव्या पागोट्यावर. एक तीळ सात जणांत वाटून खावा म्हणतात. इथे तर साऱ्या गावाला पुरले.

गिरिधरच्या कानांत नुसती शिट्टी वाजत होती. तो धूर हाताने बाजूला करत खाटेपाशी पोचला. आनंदराव डोळे उघडून आभाळाकडे पाहत होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. डावा हात अजून छातीवरच होता.

"बाबा, झाला!" गिरिधर बापाच्या कानाशी ओरडला. त्याला स्वतःचाही आवाज ऐकू येत नव्हता.

"काहून वरडून राहिला?" आनंदराव म्हणाले. हे मात्र गिरिधरने ओठांवरून वाचलं. "आयकू आला न मले. पुरा आयकू आला."

गिरिधर खाटेच्या कडेवर बसला आणि गावादेखत लहान पोरासारखा रडला. चारुशीलेने एका हाताने त्याची पाठ थोपटली, दुसऱ्या हाताने पदरातले तीळ सांभाळले.

म्हाताऱ्याने छातीवरून काहीतरी चिमटीत उचललं, डोळ्यांजवळ नेऊन निरखलं, तोंडात टाकलं आणि बराच वेळ चघळत राहिला.

"पुढच्या साली जरा अजून भाजजो," तो म्हणाला. "कच्चे राह्यले."