खुर्ची करकरते तिथे

तबकडी फिरू लागली. सुई उधाणातल्या होडीसारखी वर चढली, खाली आपटली. गाणाऱ्या बाईचा एक शब्द ऐकू यायचा, पुढचे दोन गिळले जायचे.

"अण्णा, हिचा पापड झालाय," चिराग म्हणाला. जुने रेकॉर्डप्लेअर दुरुस्त करणारं पालघरात आता त्याचंच दुकान उरलं होतं.

"मग सरळ कर."

"पापड सरळ होतो काय? थांबा, मोबाईलवर लावतो."

त्याने तबकडीवरचं नाव वाचून गाणं शोधलं. तोच पियानो, तीच इंग्रजी चाल. अण्णांनी थोडा वेळ कान दिला आणि मान हलवली.

"ही ती नाय."

"नाव तर तेच हाय!"

"आमच्या तबकडीत बाईचं कडवं संपलं की पियानोवाल्याची खुर्ची करकरते."

चिराग हसला. "मग ही चांगली की! खुर्चीबिर्ची काय नाय, एकदम साफ."

अण्णांना त्याच्या तोंडावर काहीतरी फेकावंसं वाटलं.

केळव्याच्या बंगल्यात खुर्शीदबाई रोज संध्याकाळी ही तबकडी लावायच्या. तिच्या एका बाजूला ही एकटी गाणारी बाई, दुसऱ्या बाजूला चर्चमधला गाणाऱ्यांचा घोळका. तिथे माळी असलेले अण्णा तेव्हा बागेला पाणी घालायचे. शब्द एकही कळायचा नाही. पण खुर्ची करकरली की पाइप पुढच्या आळ्यात, हे ठरलेलं; बायकोलाही त्यांनी ते कितीदा तरी सांगितलं होतं. बाई गेल्या, बंगला विकला गेला आणि त्यांच्या भाच्याने तबकड्यांचं खोकं अण्णांना दिलं. पावसाळ्यात त्यांवर बुरशी धरली.

घरी येताच अण्णा बायकोवर कडाडले, "सगळ्याची वाट लावलीस!"

"तुमीच म्हणालात, ऊन दाखव. सुपारीबरोबर घातली खळ्यात."

"दाखव म्हणालो! दिवसभर भाजायला नाय सांगितलं!"

"मग कधी काढ, ते सांगायचं. मला काय ठाव, ती मेणासारखी वाकते?" दमयंतीचा आवाज चिरकला. "आन् मोबाईलात नाय का मिळत ती?"

"त्यात खुर्ची नाय," एवढंच बोलून अण्णा वाडीत गेले.

त्यांनी पहिल्या पोफळीच्या आळ्यात पाइप टाकला आणि तिथेच बसून राहिले. आळं भरलं. पाणी काठावरून वाहून पायाखाली आलं, तरी ते हलले नाहीत.

ओटीवर दमयंती लाकडी खुर्चीत बसून तांदूळ निवडत होती. तिने वाहणारं पाणी पाहिलं, सूप खाली ठेवलं आणि बसल्या जागीच खुर्ची जोर लावून मागे रेटली.

खुर्ची करकरली.

अण्णांनी मागे पाहिलं नाही. उठले आणि पाइप पुढच्या आळ्यात टाकला.