रिकामा तवा

"ताई, चमचाभर तेलात अख्खं घर जेवेल," दुकानदार म्हणाला होता. "हृदयाचे डॉक्टरसुद्धा हाच तवा नेतात."

*

लोखंडी तवा माळ्यावर आहे, जुन्या चादरीत गुंडाळलेला. तो धुरावल्याशिवाय त्यावर काही टाकायचं नाही, असा घराचा नियम होता. नियम करणारी आता नाही.

*

व्यायाम करून घ्यायला येणारी बाई दर वेळी जाताना तेच सांगते. "बाबांच्या पायांत ताकद आहे. उठायला कारण नाहीये. काहीतरी कारण द्या हो त्यांना."

*

"अहो, तवा ठेवा तापत, मी आलेच!"

*

ऑक्सिजन लावलेली काचेची पेटी. आत पांढरा टॉवेल. टॉवेलवर शेपटीचं एक लाल पीस.

*

हे सगळं एकाच घरातलं. तवा तापत ठेवायचं ते वाक्य सासूबाईंचं, पण ते बोलतो पोपट. राखाडी, लाल शेपटीचा, नाव हवालदार, कारण घरातल्या प्रत्येकाला तो हुकूम सोडतो. "दार लोटा!" "कोण आहे?" आणि रोज सकाळी तव्याचं. सासूबाई जाऊन वर्ष उलटलं, तरी ऐन सकाळी त्यांचा आवाज स्वयंपाकघरातून येतो. तोच वरचा सूर, 'आलेच'वर तोच हेल. नवीन पाहुणा दचकतो. नवरा सुरुवातीला कान झाकायचा.

त्याचे बाबा झाकत नसत. सासूबाई गेल्यावर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. एक शब्द तेवढा उरला. पोपट म्हणायचा, "अहो, तवा ठेवा तापत," आणि बाहेरच्या खोलीत पलंगावरून बाबा म्हणायचे,

"ठेवतो."

चाळीस वर्षं असंच चाललेलं. बायको वेणी घालेपर्यंत नवऱ्याने तवा तापवून ठेवायचा. आता तवा कोणी ठेवत नव्हतं, पण उत्तर येत होतं. वाचेवर उपचार करणाऱ्या डॉक्टर म्हणाल्या होत्या, "हा एक शब्द जपा. ह्याच्याच शेपटीला धरून बाकीचे येतील. आणि पोपटालाही जपा."

सुनेने जपलं. बाबांना तर फारच. झटक्यानंतर घरातलं तेल निम्मं केलं, मीठ निम्मं केलं, लोखंडी तवा माळ्यावर टाकला आणि नॉनस्टिक आणला. आणल्यावर त्याचीच धास्ती घेतली. कुठे कुठे वाचलं. लाकडी उलथणंच वापरायचं, तारेची घासणी लावायची नाही, चरा पडला की फेकून द्यायचा. पहिला तवा एका चऱ्यापायी तिने टाकून दिला तेव्हा नवरा म्हणाला होता, "अगं, तव्याला खरचटलंय, माणसाला नाही." तिने ऐकलं नाही. काळा कण बाबांच्या पोटात जाईल, ह्या भीतीने ती रोज तवा उजेडात तिरका धरून बघायची.

भीती चुकीच्या जागी पहारा देत होती.

*

ती आंघोळ करून बाहेर आली. धूर म्हणावा असा नव्हताच. इस्त्री विसरल्यावर येतो तसा थोडा वास, आणि घशात खवखव.

मग फडफड ऐकू आली.

शेगडीवर रिकामा तवा, खाली मोठी आच. शेजारी दुधाचं पातेलं, गार. खिडकीत पिंजरा, आणि पिंजऱ्याच्या तळाशी हवालदार, चोच उघडी, पंख पसरलेले, बुडणाऱ्या माणसासारखा. पिंजऱ्याच्या तारा डाव्या हाताने घट्ट धरून बाबा उभे होते.

"बाबा! तुम्ही कसे आलात इथे?"

"ठेवतो," बाबा म्हणाले. "ठेवतो, ठेवतो, ठेवतो."

उत्तराला थांबायला वेळ नव्हता. तिने गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, तवा उचलून बाल्कनीत ठेवला. हात भाजला. ओले केस तसेच, एका हातात पिंजरा, दुसऱ्या हातात बाबा. त्यांना एकटं ठेवता येत नव्हतं.

टॅक्सीवाला म्हणाला, "दवाखाना? आजोबांना काय झालंय?"

"आजोबांना नाही. पोपटाला. लवकर चला हो."

"पोपटाला," टॅक्सीवाला म्हणाला. आरशात त्याने तिचं तोंड पाहिलं आणि पुढची गंमत गिळून टाकली. सिग्नल मात्र तोडला.

वाटेत तिने नवऱ्याला फोन केला.

"तू गॅस चालू ठेवून आंघोळीला गेलीस?"

"मी दूध ठेवलं होतं."

"मग तवा कसा तापला?"

"बटण चुकलं असेल. दुधाचं फिरवायचं ते तव्याचं फिरवलं. दूध गारच होतं ना."

"असेल काय? आठवत नाही तुला?"

तिला आठवत नव्हतं. रोजची गोष्ट कोणाला आठवते? ती जितकं आठवायला गेली, तितकं तिला आपलंच बोट त्या चुकीच्या बटणावर दिसायला लागलं. पुलापर्यंत अंधुक. पुलानंतर लख्ख.

बाबा तिची बाही ओढत होते. "ठेवतो."

"हो बाबा. होईल तो बरा. हात सोडा ना, पिंजरा हलतोय."

*

प्राण्या-पक्ष्यांच्या डॉक्टरने पिंजऱ्याकडे पाहण्याआधी विचारलं, "घरात काय तापत होतं?"

"तवा. रिकामा. नॉनस्टिक."

डॉक्टरने डोळे मिटले, उघडले आणि हवालदारला पेटीत ठेवून ऑक्सिजन सोडला. मग सुई. मग पुन्हा पेटी.

"पण मी चरा पडू दिला नव्हता," सून म्हणाली. "एकसुद्धा. आम्ही चांगल्यातला घेतला होता. वर लिहिलं होतं, विषारी काही नाही म्हणून."

"चऱ्याचं एवढं नसतं हो. एखादा कण पोटात गेलाच, तर बहुतेक तसाच बाहेर पडतो. मध्यम आचेवर, आत काहीतरी असताना, तवा ठीकच असतो. रिकामा मोठ्या आचेवर राहिला की तो लेपच जळायला लागतो. त्याची वाफ वाईट. माणसाला फार तर ताप भरतो, खोकला येतो. पक्ष्याच्या छातीतून हवा आपल्यासारखी येत-जात नाही, सारखी वाहत असते. त्याला सगळं एकदमच लागतं."

"तव्यावर लिहायला नको हे?"

"लिहितात. बारीक अक्षरात." डॉक्टर पेटीकडे बघत राहिली. "तुम्हा दोघांना खोकला आला तर आपल्या डॉक्टरकडे जा. आजोबा त्या खोलीत किती वेळ होते?"

"नंतर आले. फडफड ऐकून आले असतील."

बाकावर बसलेल्या बाबांनी मान हलवली. जोरात. त्यांची मान आता कशालाही हलते, म्हणून कोणी पाहिलं नाही.

*

नवरा आला. शर्टाची बटणं वरखाली लागलेली. पेटीजवळ गेला, मागे आला.

मग तो म्हणाला, "आवाज. आईचा आवाज आहे ना कुठेतरी?"

दोघांनी फोन काढले. एका चित्रफितीत हवालदार शीळ घालतो. एकीत "दार लोटा" म्हणतो आणि नणंद हसते. एकीत तो तव्याचं बोलायला तोंड उघडतो आणि मिक्सर सुरू होतो. एकीत नुसतीच खिडकी. सासूबाईंचा स्वतःचा आवाज? एका लग्नात, बँडच्या मागे, "अरे, पाणी द्या कुणीतरी." तेवढाच.

"रोज बोलायचा," नवरा म्हणाला. "रोज बोलणाऱ्याला कोण साठवून ठेवतं?"

सुनेने फोन पेटीच्या काचेला टेकवला, रेकॉर्डिंग सुरू केलं. "बोल रे राजा. एकदाच बोल. तवा ठेवा... बोल ना."

हवालदारची छाती वरखाली होत होती, शेपटीसकट.

"अगं, त्याला श्वास पुरत नाहीये," नवरा म्हणाला.

"तू गप्प बस."

आणि तिने सासूबाईंचा आवाज काढला. आयुष्यात एकदाही न काढलेला. वरचा सूर, शेवटी हेल. दवाखान्यात, ओल्या केसांनी, अनोळखी माणसांसमोर. "अहो, तवा ठेवा तापत, मी आलेच!"

मागच्या ओळीत मांजर घेऊन बसलेल्या बाईने मान खाली घातली.

पोपटाने एक डोळा उघडला. बोलला नाही.

बाकावरून आवाज आला, "ठेवतो."

सून वळली. बाबा उभे राहिले होते. डाव्या हाताचं बोट छातीला लावून ठोकत होते. "ठेवतो," ठक. "ठेवतो," ठक. डोळ्यांतून पाणी, तोंड वाकडं, दुसरा शब्द कुठे सापडतोय का म्हणून जीभ आत चाचपडत असलेली.

"बाबा, नका ना असं करू," ती म्हणाली आणि त्यांचा हात धरून खाली आणला. "चुकलं माझं. आईंचा आवाज मी काढायला नको होता. माझंच चुकलं सगळं."

त्यांनी हात सोडवून घेतला आणि पुन्हा छातीवर ठोकला. नवऱ्याने त्यांना मिठी मारली, हात मधे अडकला, ठोकणं थांबलं.

डॉक्टरने ऑक्सिजनची कळ फिरवली. सूं आवाज चालू होता, तो बंद झाला, तेव्हा कळलं की होता.

*

तवा बाल्कनीत पडून राहिला. सून आता कोणतंही बटण फिरवलं की हात लावून बघते, पुन्हा येऊन बघते, आंघोळीला जाताना दार उघडं ठेवते. नवरा म्हणतो, "झालं ते झालं." नणंद फोनवर म्हणते, "वहिनी, तू मुद्दाम थोडंच केलंस." दोघं तिला माफ करत राहतात. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपतात. व्यायामाच्या बाईला आता पायही उचलू देत नाहीत. एकुलता एक शब्द त्यांनी त्या दिवसानंतर उच्चारलेला नाही.

*

त्या सकाळी दूध शेगडीवर ठेवून, गॅस न पेटवताच सून आंघोळीला गेल्यावर पोपट म्हणाला, "अहो, तवा ठेवा तापत, मी आलेच," तेव्हा झटक्यानंतर पहिल्यांदाच बाबा कुणाचा हात न धरता पलंगावरून उठून शेगडीपर्यंत चालत गेले होते.